साडेतीन सुताचा बोल्ट

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं काम पूर्ण झाल्यापासून लोक तिचा रंग बघतात, क्रोमचे बंपर बघतात, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हलवून बघतात. मधल्या पिलरच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या डबीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सीट बेल्ट जिच्यातून बाहेर येतो आणि सोडला की जिच्यात परत गुंडाळला जातो, ती ही डबी म्हणजे रिट्रॅक्टर. गॅरेजमध्ये तिला बेल्टची रीळ म्हणतात. या गाडीवर अनेकांचे हात फिरले. त्या सगळ्यांचे पैसे मी चुकते केले, आभारही मानले. ही डबी बसवणाऱ्या आबांचं देणं तसं फिटलेलं नाही. ते नेमकं कशाचं देणं आहे, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

गाडी १९७८ ची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. बांधा मूळचा इटलीच्या फियाट ११०० चा, इंजिन १०८९ सीसीचं, पुढचं सीट एका अखंड बाकाचं. वडील गडहिंग्लजला डॉक्टर होते. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर गाडी मिळण्याचे ते दिवस. आली, आणि मग तिनं त्यांना रात्री-अपरात्री आजऱ्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर नेलं. आम्ही भावंडं त्या पुढच्या बाकावर उभी राहून प्रवास करायचो, आणि आईचा हात आमच्यासमोर आडवा असायचा. पट्टा नव्हता. पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला तो २५ मार्च १९९४ नंतर बनलेल्या गाड्यांसाठी. त्याआधीच्या गाडीला कायदा आजही पट्टा बसवायला सांगत नाही. आबांना कुणीच सांगितलं नव्हतं. ना कायद्यानं, ना मी.

वडील गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. उंदरांनी सीटचा काथ्या बाहेर काढला, पावसाळ्यांनी तळ खाल्ला. आईला त्या गाडीतून एकदा आंबोलीला जायचं होतं, म्हणून मी ती ट्रकवर चढवून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणली. उद्यमनगराबद्दल बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. फाउंड्री, लेथ, ऑइल इंजिनं यांच्यावर वाढलेली ही वस्ती. बाजारात न मिळणारा भाग इथं कुणीतरी हातात घेऊन बघतो, उलटा करून बघतो आणि चार दिवसांत बनवून देतो. एका लेथवाल्यानंच मला आबांकडे पाठवलं. एक शेड, दोन पोरं, एक गॅस वेल्डिंगचा संच. आबा तेव्हा साठीच्या पुढचे होते.

आबांनी आधी बोनेट उघडलं नाही. ते पुढच्या बाकावर बसले, बाक हातानं गदागदा हलवला, खाली वाकून त्याचे बोल्ट बघितले आणि जाजम वर करून तळाच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला.

“आईसाब हितंच बसनार न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. गाडी वडिलांच्या वेळी होती तशीच करून हवी.

“तश्शीच करतो. फकस्त पट्टा घालनार. पट्ट्याबिगर गाडी माझ्या शेडातनं भाईर जायची न्हाई, ताई.”

माझे चुलते सोबत होते. त्यांनी हरकत घेतली. जुन्या गाडीची शान तिच्या मूळपणात असते, त्यात नवं काही घुसडलं की ती बाटते, असं त्यांचं म्हणणं. गाड्या जपणाऱ्या मंडळींत हा वाद जुना आहे आणि तो क्षुल्लक नाही. मूळ नळी, मूळ बटण, मूळ रंगाची छटा शोधण्यात लोक आयुष्य घालवतात आणि त्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. आबांनी वाद घातला नाही. ते शेडच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथल्या ढिगातून एक स्टिअरिंग घेऊन आले. वरचा अर्धा घेर पुढे वाकलेला.

पोरवयात आबा हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला होते. अपघाताच्या गाड्या ओढून तिथं आणायचे. माणसं तोवर दवाखान्यात किंवा त्याहून पुढे पोचलेली असत. पोरांनी गाडी धुवायची, मग मेस्त्रीनं पत्रा ठोकायला घ्यायचा. आबांनी मला सांगितलं की गाडी बघून कुणाला कुठं लागलं ते ओळखता येतं. स्टिअरिंग वाकलेलं असेल तर छाती. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला पोचा असेल तर गुडघे. समोरची काच नसेल आणि बोनेटचा पत्रा चांगला असेल तर काच कशानं गेली हे विचारायचं नाही. “इंजान धडक खातंय त्ये येगळं,” ते म्हणाले, “आनि मानूस गाडीच्या आत दुसरी धडक खातंय. पत्रा मी सरळ करतो. दुसऱ्या धडकेचं माझ्याकडं औषध न्हाई.” चुलते त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून मला सांगितलं, पट्टे घाल.

काम सुरू झालं आणि मी वाचायला लागले. तीन बिंदूंवर बांधलेला आजचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानं तयार केला. तो आधी साब कंपनीत विमानांच्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होता. व्होल्वोत आल्यावर त्याला वेगळीच अडचण दिसली. वैमानिक चारही बाजूंनी स्वतःला जखडून घेईल, पण किराणा आणायला निघालेला माणूस तेवढा वेळ देणार नाही. पट्टा एका हातानं, एका झटक्यात लागला पाहिजे. छातीवरून तिरका आणि कमरेवरून आडवा असा एकच पट्टा, आणि दोघांची गाठ कमरेच्या बाजूला. पोटावर काही येता कामा नये, ताण बरगड्यांच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडावर जावा. १९५९ साली व्होल्वोच्या गाड्यांत तो आला. आणि व्होल्वोनं त्याचं पेटंट इतर सगळ्या कंपन्यांसाठी खुलं ठेवलं.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते पिलरचा जुना रंग खरवडत होते. त्यांनी ग्राइंडर बंद केला.

“पैसं न्हाई घेतलं?”

“नाही.”

“नाव काय म्हनला?”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं, आणि ग्राइंडर परत सुरू केला.

आता ती रीळ. ती बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं, असं मला वाटलं होतं. आबांनी नवा रिट्रॅक्टर माझ्या हातात दिला आणि पट्टा ओढायला सांगितला. आला. मग म्हणाले, डबी जरा तिरकी धरा. पट्टा जागच्या जागी अडकला. सरळ केली, सुटला. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती पट्टा परत ओढून घेते. पण खरं काम पोलादाच्या एका छोट्या गोळीचं. गोळी एका वाटीत बसलेली असते. गाडी एकदम थांबली की गोळी पुढे सरकते, वरची खिट्टी उचलली जाते, ती दातेरी चाकात अडकते आणि रीळ थांबते. दुसरी सोय पट्ट्याच्या वेगावर चालते. पट्टा झटक्यानं ओढला गेला तरीही रीळ अडते. म्हणून या पट्ट्यात माणूस सावकाश पुढे वाकू शकतो, काच पुसू शकतो, आणि गरजेच्या क्षणी तोच पट्टा दोरखंड होतो. रीळ नसलेला जुना पट्टा प्रत्येक माणसाच्या मापाला ओढून बसवावा लागतो. कंटाळून लोक तो सैल ठेवतात, आणि सैल पट्ट्याचा उपयोग थोडाच.

गोळीला खाली काय आणि वर काय हे फक्त गुरुत्वाकर्षणानं कळतं. त्यामुळे डबी गाडीत कोणत्या कोनात बसते याला सगळं महत्त्व. आंतरराष्ट्रीय नियम असा की डबी १२ अंशांपर्यंत कलली तर अडकता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे कलली तर अडकलीच पाहिजे. कुठल्याही गाडीची रीळ त्या गाडीच्या पिलरच्या उताराला धरून बनवलेली असते. दुसऱ्या गाडीची रीळ आणून पद्मिनीच्या पिलरला लावली तर ती जन्मभर अडकलेली राहील, किंवा सपाटीवर चालेल आणि घाटात दगा देईल. आबांचा शब्द होता, “आंबोलीच्या चढाला आईसाबांचा पट्टा अडला, की त्या काढून ठेवनार. आनि मग उतारावर पट्टा न्हाई.”

पद्मिनीचा पिलर खाली सरळ नाही, तो बाहेर झुकत जातो. आबांनी पत्रा उघडा असतानाच गाडीचा सांगाडा जमिनीला समांतर आणला. त्यासाठी दाराखालच्या पत्र्याची रेघ पाण्याच्या लेव्हलनं तपासली, कारण स्टँडवरचा मोकळा सांगाडा आणि चाकांवर उभी असलेली भरलेली गाडी यांची बैठक सारखी नसते. मग पिलरसमोर गवंड्याचा ओळंबा सोडला. आधी समोरून, मग बाजूनं. दोन्हीकडून ओळंब्याच्या दोरीला डबी समांतर येईपर्यंत त्यांनी पुठ्ठ्याचे नमुने कापले, आणि शेवटच्या नमुन्यावरून जाड पत्र्याचा ब्रॅकेट बनवला. हे सगळं करताना शेडमधला रेडिओ बंद होता. पोरांना बोलायलाही परवानगी नव्हती.

ब्रॅकेट झाला, तरी तो धरणार कशाला? पिलर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ पेटी. पत्र्याला भोक पाडून नट-बोल्ट लावला तर झटक्यासरशी बोल्ट पत्रा फाडून बाहेर येईल. मी घरी हिशेब करून बघितला. ६० किलोचा माणूस, ताशी ५० किलोमीटरचा वेग, आणि धडकेत तो अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला असं धरलं, तर पट्ट्यावर येणारा ओढा जवळपास १२०० किलो वजनाइतका होतो. पिलरला छोटा झरोका पाडून आबांनी आतून तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सरकवली. तिच्या मागे नट वेल्ड केलेला. पट्टीचे कोपरे त्यांनी कानशीनं गोल केले होते, टोकदार कोपरा ओढ्याखाली पत्रा चिरतो म्हणून. पट्टी कडेनं आणि मधून वेल्ड केली, मग झरोका बंद केला. अशाच पट्ट्या वर खांद्याच्या उंचीला, दाराखालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला आणि मधल्या बोगद्यावर. बोगद्याखाली प्रोपेलर शाफ्ट फिरतो, शेजारून ब्रेकची नळी जाते. ड्रिल लावण्याआधी आबा स्वतः खाली झोपून टॉर्चनं बघून आले, पोराला पाठवलं नाही.

सीट बेल्टच्या बोल्टचं माप जगभर जवळपास एकच आहे. सात सोळांश इंच, इंचाला वीस आटे. उद्यमनगरात त्याला साडेतीन सुताचा बोल्ट म्हणतात. बाजारात त्या जाडीचे साधे बोल्ट स्वस्तात मिळतात. आबांनी ते घेतले नाहीत. पट्ट्याच्या डब्यातून आलेलेच उच्च ताणाचे बोल्ट लावायचे, असा त्यांचा आग्रह. आणि जुना पट्टा तर शेडमध्ये आणूच द्यायचे नाहीत. भंगारात उत्तम दिसणारे पट्टे मिळतात. पण तो पट्टा ज्या गाडीतून आला ती भंगारात का गेली? एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ही डबी पिलरच्या आत लपवता येईल का, असं मी विचारलं होतं. दिसायला बरं, एवढाच हेतू. आबांनी पिलरवर हात ठेवला आणि म्हणाले की छप्पर यानंच धरलंय, एवढं मोठं खिंडार पाडून मी त्याला लंगडा करणार नाही. म्हणून डबी बाहेर आहे. मला ती आता गाडीतली सगळ्यात देखणी वस्तू वाटते.

आईच्या मापासाठी तिला गडहिंग्लजहून बोलावलं. अजून रंग नव्हता, जाजम नव्हतं. उघड्या पत्र्याच्या गाडीत तात्पुरत्या बसवलेल्या बाकावर आई नऊवारी सावरून बसली. पट्टा गळ्यावरून जात होता. वरचा बिंदू आणखी खाली घ्यावा, म्हणजे गळा सुटेल, असं एक पोरगा म्हणाला. आबांनी त्याला जवळ बोलावून समजावलं. पट्टा खांद्याच्या खालून निघाला तर झटक्यात तो माणसाला पुढून धरतो आणि वरून दाबतोही, आणि तो दाब मणक्यावर येतो. बिंदू खाली नेण्याऐवजी त्यांनी बाकाच्या त्या बाजूची उशी दीड इंच उंच करून घेतली. पट्टा आईच्या खांद्याच्या मध्यावर आला. आई म्हणाली, “डॉक्टरांच्या शेजारी बसायचे तेव्हापेक्षा रस्ता जास्त दिसेल आता.”

मागच्या सीटलाही आबांनी पट्टे घातले. मागं कशाला, असं अनेकांनी विचारलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी आणि आधुनिक होती. आबांनी ती बातमी कापून शेडच्या पत्र्यावर चिकटवली होती. कुणी विचारलं की ते तिकडे बोट दाखवायचे.

रंग झाला, गाडी चाकांवर आली. आबांनी मला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि कमी वेगात कचकन ब्रेक मारला. दोन्ही रिळा अडल्या. मग गाडी एका चढावर उभी करून त्यांनी पट्टा हलक्या हातानं पुढे ओढला, सोडला, परत ओढला. तो मोकळा येत होता. त्यांनी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

बिलात पट्ट्यांची, पोलादाची, वेल्डिंगच्या गॅसची किंमत होती. पट्टे बसवण्याची मजुरी नव्हती. शेडमधलं सगळ्यात जास्त मेहनतीचं काम तेच होतं, म्हणून मी विचारलं.

“त्यो माझा हट्ट हुता ताई. हट्टाची मजुरी घेत न्हाईत.”

आई आंबोलीला जाऊन आली. पुढे उसाच्या हंगामात एकदा आम्ही संकेश्वरहून परतत होतो. दिवेलागण झालेली. वळणावर समोर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी पाय दाबून धरला. गाडी थरथरत, घसटत थांबली तेव्हा उसाची वाढी बोनेटच्या टोकाला लागलेली होती. आईचा चष्मा खाली पडला होता. आई जागच्या जागी होती. तिनं छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “कुणी गं ओढून धरलं मला?” तिच्यासमोर हातभर अंतरावर पत्र्याचा डॅशबोर्ड होता. माझा हात तिच्यासमोर आडवा गेला नव्हता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आमचा आबांशी काही जुना संबंध नव्हता. नातं नाही, गाव एक नाही, वडिलांनी त्यांच्या घरात कधी कुणाला औषध दिलेलं नाही. त्यांनी एका अनोळखी म्हातारीला उघड्या पत्र्यात बसवून तिच्या खांद्याची उंची मोजली, एवढंच. नील्स बोलिनला तर आम्ही माहीत असण्याचा प्रश्नच नाही. त्या संध्याकाळी आईच्या छातीवरून गेलेल्या पट्ट्यात दोघांचं काम होतं. उसाच्या ट्रॉलीची हकीकत सांगायला मी उद्यमनगरात गेले तेव्हा आबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न केला तो पट्ट्याबद्दल: “कडेला कुठं घासलाय का बघितला? हिकडं आना एकदा, मी बघतो.”

घरी वडिलांची, आजोबांची जुनी फियाट, अँबेसेडर किंवा जीप असेल आणि ती नीट करायला टाकणार असाल, तर रंगाची छटा ठरवण्याआधी आपल्या मेस्त्रीला पट्ट्यांचं विचारा. पिलरच्या आत पट्टी कशी घालणार, रीळ कोणत्या कोनात बसणार, बोल्ट कुठले, हे त्याच्याकडून समजून घ्या. तो हसला तर दुसरा मेस्त्री शोधा. आणि हे पत्रा उघडा असतानाच करा. लांबी भरून, रंग चढल्यावर पिलरच्या आत वेल्डिंग करता येत नाही.